लर्निंगचे ते ३० दिवस

मंडळी, मागे आवाज येतोय ना? बरं. विषय दिलाय 'गाडी शिकण्याआधीची तयारी', आणि प्रास्ताविक जरा लांबलं म्हणून थेट बोलते. लर्निंग लायसन्स काढलं की पक्क्याच्या टेस्टला किमान ३० दिवस थांबावं लागतं, लर्निंग ६ महिने चालतं, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. पण ते ३० दिवस म्हणजे नुसती वाट बघायची असं आपण धरून चालतो, आणि माझं सगळं म्हणणं याच्याविरुद्ध आहे.

भाचीचं सांगते. तिने एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लास लावला, नाव नको. नियमात कार शिकवायला कमीत कमी २१ दिवस आणि हातात प्रत्यक्ष गाडी १० तास, असं स्वच्छ लिहिलंय. हिला अर्ध्या तासाचा स्लॉट, त्यातच आधीच्या मुलाला घरी सोडायचं आणि पुढच्या मुलीला घ्यायचं. बरं, क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतो, तो हवाच, जीव वाचतो त्याने. पण हे सर त्यावरून पाय उचलायचेच नाहीत! क्लच ते सोडणार, ब्रेक ते मारणार, स्टिअरिंगलाही एक हात त्यांचा, आणि पोरगी खूश की आपण चालवतोय. हसताय, पण इथे बसलेल्या निम्म्या लोकांचा क्लास असाच झालाय, हो ना?

क्लास संपला, टेस्ट तोंडावर आली, म्हणून लाल 'एल' लावून मी शेजारी बसले आणि निघालो. पौड फाट्याच्या पुलावर चढताना ट्रॅफिक थांबलं, मागे पीएमटी, म्हणजे आपली सिटी बस. गाडी बंद, परत स्टार्ट, परत बंद, आणि दर वेळी हातभर मागे. त्या पीएमटीवाल्या दादांनी अंतर ठेवलं आणि एकदाही हॉर्न मारला नाही, असा माणूस मागे असणं हे शिकणाऱ्याचं नशीब. मी म्हटलं, आधी हँडब्रेक ओढ. आता क्लच हळूहळू सोड, इंजिनाचा आवाज जड होईल, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटेल, सीटखाली बारीक थरथर येईल, तिथेच पाय थांबव, जरासा रेस दे आणि मग हँडब्रेक सोड. गाडी सरळ वर गेली. घरी आल्यावर म्हणाली, "मावशी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." फी घेऊन नेमकी हीच गोष्ट शिकवायची नाही, याचा मला आजही संताप येतो.

आणि आपण पुणेकर म्हणजे मुळात टू-व्हीलरवाले. पुढचं चाक घुसलं की आपण घुसलो, ही सवय अंगात भिनलेली. कारला डावी बाजू असते हो! ती ड्रायव्हरच्या सीटवरून दिसत नाही, तिचा अंदाज मुद्दाम बसवावा लागतो.

चिठ्ठी आलीये, ५ मिनिटं राहिलीत, म्हणजे तयारीचं भराभर सांगते. उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून बसा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील एवढी सीट पुढे घ्या, मग आरसे लावा, मग समोर बघत न चुकता गिअर बदलता येईपर्यंत तेच करा. दुसरं, घरचं कुणी चालवत असेल तर डावीकडे बसून मोबाइल बघू नका, डावं चाक खड्ड्यापासून किती लांबून जातंय ते बघा, आणि पुढे काय होणार ते मोठ्याने बोला: रिक्षा थांबणार, ती बाई रस्ता ओलांडणार, पुढे नो एंट्री. तिसरं, चिन्हं. लर्निंगच्या परीक्षेत ६० टक्क्यांना पास करतात, रस्त्यावर उरलेले ४०ही लागतात. चाळिशी ओलांडलेल्यांना फॉर्म वन-ए वर डॉक्टरांची सही लागते, तेव्हा डोळे मनापासून तपासून घ्या, नुसता शिक्का आणू नका.

प्रश्न खाली पार्किंगमध्ये घेऊ. माझी गाडी तिथेच आहे, ज्यांना सीट आणि आरसे लावून बघायचेत त्यांनी एकेक करून या, किल्ली माझ्याकडेच राहील.