नदीचं जातं

(पुण्यात छायाचित्रणाची आवड असणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागच्यांना पडदा नीट दिसतोय ना? मग पुढचे दिवे तेवढे मालवा. पत्रिकेवर विषय छापलाय 'निसर्गातले आकार आणि माणसाने घडवलेले आकार'. त्यावर मी बोलणारच आहे. पण आधी हा एक फोटो बघा आणि काय दिसतंय ते मनाशी ठरवा. मोठ्याने सांगू नका.

हा निघोजचा. कुकडीचं पात्र. एका काठाला आपला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला पारनेर. इथले निम्मे लोक मळगंगा देवीच्या दर्शनाला नाहीतर फोटो काढायला तिथे जाऊन आलेले असणार, तेव्हा पाण्याने कातळात कोरलेले खोल, गोल खड्डे म्हणजे रांजणखळगे, यापलीकडे मी सांगत बसत नाही. मी गेले तो फिल्मचा जमाना होता. डिसेंबर महिना, सकाळचे साडेसात, आणि ऊन कातळावर अगदी आडवं आलेलं. मला तेच हवं होतं. दुपारी बाराला तिथे उभं राहिलात तर काळ्या दगडात काळी भोकं दिसतात. आडव्या उन्हात प्रत्येक खळग्याची एक कड उजळते, दुसरी बुडते, आणि पाणी कुठून आत शिरलं, कसं गरगरलं, कुठून बाहेर पडलं हे डोळ्यांना कळायला लागतं. ३६ फोटोंच्या रोलमधले २९ मी एका खळग्यावर खर्च केले. त्यातला हा एक.

एका प्रकाशकांनी दिनदर्शिकेसाठी तो मागितला, मी आनंदाने दिला. वर्षअखेरीला दिनदर्शिका घरी आली, स्वयंपाकघरात खिळ्याला लागली. जून उजाडला, पान उलटलं. सासूबाई भाजी निवडता निवडता वर बघून म्हणाल्या, "केवढ्या पिंडी गं या! कुठलं देऊळ?"

मी म्हटलं, "आई, पिंडी नाहीत त्या. खळगे आहेत, खोल. मी निघोजला गेले होते ना, तिथले."

"काहीतरीच काय! चांगल्या वर आलेल्या दिसतायत की."

मी जवळ जाऊन बघितलं आणि मलाही त्या वर आलेल्याच दिसल्या! ज्या खळग्याच्या काठाशी मी पोटावर पालथी पडून दोन तास काढले होते, ज्यात हात घालून पाण्याचा गारवा घेतला होता, तो माझ्याच स्वयंपाकघरात फुगून पिंडीसारखा बसला होता. फोटो उलटा छापला होता. खालची बाजू वर. मी दिनदर्शिका खिळ्यावरून काढली, उलटी धरली, आणि सगळ्या पिंडी सपकन आत गेल्या. सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "परत कर," म्हणाल्या. परत केलं. पिंडी. परत. खळगे. त्या दिवशी आमची भाजी दीड वाजता फोडणीला पडली.

आता पडद्यावर तेच करते. हा सुलटा... आणि हा उलटा. झालं ना? कारण साधं आहे. उजेड वरून येतो असं आपला डोळा धरूनच चालतो. सूर्य वर, दिवा वर, जन्मापासून हाच अनुभव. खळग्यावर वरून ऊन पडलं की त्याची वरची कड सावलीत जाते, खालची उजळते. उंचवट्याचं नेमकं उलट. फोटो फिरवला की डोळा उजेडाची बाजू बदलत नाही, तो दगडच बदलून टाकतो. चंद्राचे फोटो बघणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. विवरं एकाएकी टेकड्या होतात.

मी प्रकाशकांना फोन केला. भरपाई मला नको होती, पुढच्या छपाईत सुधारा एवढंच सांगायचं होतं. पलीकडून उत्तर आलं, "अहो ताई, उलटं काय नि सुलटं काय, दगडच आहेत ना? छान दिसतंय."

छान दिसतंय. हे वाक्य मला फार लागलं, अजून लागतं. सुंदर फोटो म्हणजे डोळ्यांना बरा वाटणारा नक्षीचा तुकडा, कुठूनही धरा, कसाही लावा, ही समजूत त्या वाक्यात आहे. ती एकट्या त्या गृहस्थांची नाही. आपल्या प्रदर्शनांतसुद्धा 'अमूर्त' असं नाव दिलं की फोटो कशाचा, कुठला, उजेड कुठून आला हे विचारायची सोय राहत नाही. माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. दगडाचा आकार कुठल्या तरी हालचालीने झालाय. ती हालचाल फोटोत उरली नाही, तर उरलं ते सौंदर्य नाही.

खळगा घ्या. कातळातल्या एका बारीक खोलगटात गोटा अडकतो. पुराचं पाणी भोवऱ्यासारखं फिरतं, गोट्याला फिरवतं. गोटा कातळ झिजवतो, कातळ गोट्याला झिजवतो. दगडावर दगड, गोल गोल, एकेका पावसाळ्याने थोडं थोडं. हे जातंच आहे, फक्त खुंटा नदीच्या हातात.

हा दुसरा फोटो आमच्या आजीच्या जात्याच्या वरच्या पाळूचा, तळाच्या बाजूने. खोलीत अंधार केला आणि टॉर्च जमिनीवर आडवा ठेवला. निघोजच्या सकाळचं ऊन घरात आणलं म्हणा. हे कोरीव ठिपके दिसतायत? ते टाकीचे. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की दाणा नुसता घसरतो, पीठ पडत नाही. मग दारावरून "टाकीऽऽ" अशी हाक देत जाणाऱ्या बाईला बोलवायचं. ती अंगणात बसून ठकठक करत दगडाला पुन्हा दात आणायची. ती हाक ऐकलेले हात वर करा बरं. अरे वा, बरेच आहेत! तर इथे दोन हालचाली एकावर एक आहेत. टाकीचे घाव त्या बाईच्या हाताचे, आणि त्यांच्यावरून गेलेल्या या वर्तुळाकार रेघा आजीच्या. कडेला रेघा जास्त गडद आहेत, कारण एका फेऱ्यात कडेचा दगड मधल्यापेक्षा जास्त अंतर कापतो. आता खळग्याचा फोटो शेजारी ठेवते. कुठला नदीचा आणि कुठला आजीचा हे क्षणभर कळत नाही. माझं सगळं व्याख्यान या दोन फोटोंमध्ये आहे.

शटर दाबण्याआधी म्हणून मी एवढंच विचारते: इथे काय हललं होतं? पाणी, वारा, हात, पाय, छिन्नी? आणि ते दिसण्यासाठी उजेड कुठून हवा?

लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांना जा. चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं दालन, इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं, तोंड पश्चिमेला, म्हणजे उन्हासाठी दुपारनंतरच जायचं. आतले अष्टकोनी खांब आत झुकलेले आहेत. पुष्कळ जण हे लेन्सचं वाकडेपण समजून संगणकावर खांब सरळ करून टाकतात. कृपा करून करू नका! लाकडी बांधकामात खांब आत कलते ठेवत, छताचा रेटा झेलायला. कातळात त्याची काही गरज नव्हती, तरी घडवणाऱ्याच्या हाताने लाकडाची सवय सोडली नाही. वर छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्या आजही आहेत. तो कल हाच त्या फोटोचा विषय आहे.

संयोजकांची चिठ्ठी आली. दहाच मिनिटं? बरं. मग पुढचं भराभर घेते, आणि पत्रिकेवरचा विषय खरा इथेच आहे.

हे खडकवासल्याच्या पाणलोटातलं मे महिन्यातलं गाळाचं तळं. चिखल पहिल्यांदा सुकतो तेव्हा एक भेग दुसरीला काटकोनात येऊन मिळते. तोच चिखल पुन्हा पुन्हा भिजून सुकला की भेगा सरकतात आणि तीन-तीन एकत्र मिळायला लागतात, साधारण १२० अंशांत. म्हणजे भेगांच्या कोनावरून तळ्याचा इतिहास वाचता येतो. हा अंधेरीचा गिल्बर्ट हिल, सुमारे २०० फूट उंच. तिथे लाव्हा थंड होताना आकसला आणि तशाच भेगा खोलवर गेल्या, म्हणून हे उभे खांब. सगळी दख्खन ज्या लाव्हाची, त्याच ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराच्या घडामोडींतला हा खडक. आपलं पाताळेश्वर लेणं त्याच जातीच्या कातळात, पण तिथे उलटी क्रिया. वरून खाली खोदत नेलं, आणि जो दगड काढला नाही तो गोल नंदीमंडप झाला. तिथे जंगली महाराज रस्त्याकडे पाठ करून भिंतींवरचे छिन्नीचे घाव बघा.

सूर्यफूल. नवा दाणा आधीच्यापासून सुमारे १३७.५ अंश वळून येतो, त्यातून दोन्ही दिशांना फिरणाऱ्या सर्पिल रांगा. मोजा, बहुधा ३४ आणि ५५ भरतील. इथे हालचाल म्हणजे वाढ. कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे एक जर्मन शिक्षक बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी असेच देठ, कोंब, कळ्या फोटोत कित्येक पटींनी मोठ्या करून दाखवत. त्यांच्यावर खरं तर अर्धा तास हवा होता.

राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते तुम्ही पाहिले आहेतच. पुढच्या वेळी घोडा, मोर, बाई या घडणीआधी अंगठा टेकतो ती जागा बघा.

आणि हा शेवटचा. वारीतलं गोल रिंगण. माउलींचा अश्व धावतोय, शटर १/१५ सेकंद, म्हणून घोडा विरघळलाय आणि धुळीचा पट्टा तेवढा वळताना दिसतोय. उंचावरून काढला असता तर पूर्ण वर्तुळ आलं असतं. मी रिंगणाच्या कडेला, वारकऱ्यांच्या रांगेत उभी होते, तिथून ते वर्तुळ दिसत नाही, अंगावरून जातं. अश्व पुढे गेल्यावर सगळे वाकले आणि टापांखालची माती कपाळाला लावू लागले, तो फोटो मी काढला नाही. मीही वाकले होते.

वेळ संपली. दिवे लावा. जूनचं ते पान मी आणलंय, दाराजवळच्या टेबलावर ठेवलंय. चहाला जाताना हातात घ्या, फिरवून बघा. खालचा उजवा कोपरा मऊ पडून दुमडलाय, तेवढा जपून धरा. सासूबाई होत्या तोवर घरी येईल त्याला ते पान फिरवून दाखवत, आणि दर वेळी तिथेच धरत.