पहिला नंबर सोडून बोलू

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्रजी विकिपीडियावर दर आठवड्याला एक यादी लागते. रविवार ते शनिवार या सात दिवसांत कोणते पंचवीस लेख सर्वांत जास्त वेळा उघडले गेले, त्याची. २०१३ च्या जानेवारीपासून तिथलेच काही हौशी संपादक ती काढतात. नुसती नावं आणि आकडे देऊन ते थांबत नाहीत. हे नाव इथे का आलं असावं, याची दोन-चार ओळींची टिपणीही जोडतात, आणि टिपणी लिहिणाऱ्याचा हात मोकळा सुटला तर ती चांगलीच खोडकर असते.

यादी म्हटली की पहिला कोण, हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी. मला विचाराल तर पहिला नंबर हा त्या यादीतला सर्वांत कमी मजेचा भाग. तो बातम्या ऐकणाऱ्या कोणालाही न बघता सांगता येईल. लोकांच्या डोक्यात नेमकं काय चाललं होतं, ते कळायला खाली उतरावं लागतं.

एक आठवडा घेऊ. ४ ते १० सप्टेंबर २०२२. मंगळवारी, सहा तारखेला, लिझ ट्रस ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या. एरवी त्या आठवड्यावर त्यांचंच राज्य असतं. पण गुरुवारी, आठ तारखेला, लंडनच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा वाजले असताना राणी दुसऱ्या एलिझाबेथ गेल्याचं जाहीर झालं. आठवडा संपायला उरले होते जेमतेम दोन-अडीच दिवस. तेवढ्यात यादीचा पार नूर पालटला. पहिल्या नंबरावर राणी, हे तर झालंच. तिच्यामागे नवे राजे तिसरे चार्ल्स, तेही ठीक. पण त्यांच्या मागोमाग सगळा गोतावळा आला: पती फिलिप, सून डायना, दुसरी सून कॅमिला, बहीण मार्गारेट, वडील सहावे जॉर्ज आणि काका आठवे एडवर्ड.

या आठव्या एडवर्डवर जरा थांबू या. हा माणूस १९७२ मध्येच वारला. राजा म्हणून तो एक वर्षसुद्धा टिकला नाही. १९३६ च्या डिसेंबरात वॉलिस सिम्पसन या घटस्फोटित अमेरिकन बाईशी लग्न करता यावं म्हणून त्याने गादी सोडली. मग २०२२ मध्ये तो लाखो लोकांना का हवा झाला? कारण राणीच्या लेखाच्या कडेला एक चौकट असते, तिच्यात आधीचा राजा म्हणून वडिलांचं नाव येतं. वडिलांच्या नावावर बोट टेकवलं की त्यांच्या आधीचा राजा म्हणून भावाचं नाव दिसतं. भाऊ? राजाच्या आधी राजाचा भाऊ कसा? की मग बोट पुन्हा खाली. धाकट्या भावाकडे गादी आली नसती तर ही मुलगी इतक्या लवकर राणी झाली नसती, हे तिसऱ्या पानावर कळतं. शोकसंदेश वाचता वाचता माणसं वंशावळीत शिरली होती, आणि मला तरी हे कुतूहल शोकापेक्षा जास्त खरं वाटतं.

मृत्यूचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट. त्या-त्या वर्षी वारलेल्या प्रसिद्ध लोकांची एक नोंदवही तिथे असते. रोज नवी नावं. प्रत्येकाला एक ओळ: वय, देश, काय करत होता, आणि कळलं असेल तर कशाने गेला. हे पान आठवड्याच्या यादीत जवळजवळ कायमच असतं. २०२४ मध्ये तर वर्षाचा पहिला नंबर याच पानाने पटकावला, चार कोटींहून जास्त वेळा उघडलं जाऊन. निवडणूक नाही, सिनेमा नाही, कोणी एक माणूसही नाही. आज कोण गेलं, एवढाच रोजचा प्रश्न.

कधीकधी एवढी गर्दी यंत्रांनाही झेपत नाही. २५ जून २००९ ला मायकल जॅक्सन गेला आणि विकिपीडिया सगळ्यांसाठीच मंदावला, अगदी बेडकांबद्दल वाचणाऱ्यांसाठीसुद्धा. कारण मोठं गमतीचं आहे. लेखाची एक तयार प्रत ठेवलेली असते, येईल त्याला तीच दिली जाते. पण लेखात कोणी एक शब्द जरी बदलला, तरी ती प्रत बाद होते आणि नवी बांधावी लागते. त्या दिवशी लिहिणारे दर क्षणाला काहीतरी बदलत होते आणि वाचणारे लाखोंनी दारात उभे होते. प्रत बाद झाली रे झाली, की असतील नसतील ते सगळे सर्व्हर एकाच वेळी तेच पान नव्याने बांधायला धावायचे. पुढे अभियंत्यांनी त्यावर उपाय केला: एकाने बांधायचं, बाकीच्यांनी थांबायचं, फारच खोळंबा होत असेल तर वाचकाला जुनी प्रत द्यायची.

आता इंग्रजी विकिपीडिया म्हटला म्हणून यादी इंग्लंड-अमेरिकेची, असं धरून चालू नका. २०२३ सालच्या पहिल्या दहा लेखांत चॅटजीपीटी पहिलं होतं, पण क्रिकेटचे लेख चार होते आणि शाहरुख खानचे चित्रपट दोन. त्याच दहांत रॉबर्ट ओपेनहायमर हा शास्त्रज्ञ आणि त्याच्यावरचा चित्रपट, असे दोघेही वेगवेगळे बसले होते. ही जोडी मला फार बोलकी वाटते. सिनेमा बघून आलेला माणूस सिनेमाचं पान उघडतो, आणि मग हे खरंच असं झालं होतं का, हे तपासायला माणसाचं पान उघडतो. २०१९ मध्ये चेर्नोबिलवरची मालिका चालू असताना १९८६ च्या त्या अणुभट्टीच्या अपघाताचा लेख असाच आठवडेच्या आठवडे यादीत ठाण मांडून होता. लोकांचा पडद्यावर विश्वास नाही, असं मी म्हणणार नाही. पण खातरजमा करून घेण्याची खोड मात्र त्यांना जडली आहे, आणि ती चांगली आहे.

इथवर मी सगळे आकडे माणसांचे म्हणून सांगितले. ते पुरतं खरं नाही. पान उघडलं गेलं, एवढंच मोजलं जातं. वाचलं की नाही हे कोणाला ठाऊक! शिवाय उघडणारा माणूसच असेल असंही नाही. म्हणून यादी करणारे एक साधी परीक्षा लावतात. खऱ्या वाचकांपैकी काही मोबाइलवर असतात, काही संगणकावर. एखादं पान जवळजवळ सगळं मोबाइलवरूनच उघडलं जात असेल, किंवा मोबाइलवरून जवळजवळ नाहीच, तर ते संशयित. त्याची रवानगी यादीबाहेर. क्लिओपात्राचं असंच झालं. महिनोन्महिने तिच्या पानावर तुफान गर्दी. गूगलच्या बोलत्या साहाय्यकात नमुना म्हणून जो आदेश सुचवला जायचा, त्यात तिचं नाव होतं, आणि माणसं सहज त्यावर बोट टेकवत होती. इजिप्तच्या राणीशी कोणाला काही देणंघेणं नव्हतं.

त्याहून नवल एका फुलाचं. विकिपीडियाच्या चित्रसंग्रहात न्यूयॉर्क अ‍ॅस्टर नावाच्या जांभळट फुलाचा एक साधा फोटो आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथल्या अभियंत्यांच्या ध्यानात आलं, की हा एकच फोटो दिवसाला सुमारे नऊ कोटी वेळा मागवला जातोय, आणि मागणी येतेय ती भारतातल्या मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यांतून. त्यांच्या एका केंद्रातल्या चित्रांच्या एकूण मागणीपैकी पाचवा हिस्सा या एका फुलाचा! शोध घेतल्यावर निघालं ते असं: एक मोबाइल अ‍ॅप सुरू होताना दर वेळी हा फोटो मागवत होतं आणि वापरणाऱ्याला तो दाखवतही नव्हतं. कोणीतरी प्रोग्राम लिहिताना चाचणीपुरता पत्ता घातला असेल आणि काढायचा राहिला असेल, असा माझा अंदाज. नऊ कोटी वेळा मागवलेलं फूल, आणि पाहिलं कोणीच नाही.

जाता जाता यादीत जे येत नाही, त्याबद्दल. २०१३ च्या जूनमध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी सरकारच्या इंटरनेटवरच्या पाळतीची कागदपत्रं उघड केली. त्यानंतर जॉन पेनी या कायद्याच्या अभ्यासकाने दहशतवादाशी जोडलेल्या अठ्ठेचाळीस विकिपीडिया लेखांचे आकडे तपासले. ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या जूननंतर या लेखांची वाचकसंख्या ठळकपणे घसरली होती. लेख तेच होते, वाचणं बेकायदा नव्हतं, कोणी मनाईही केली नव्हती. आपण काय उघडतो हे कोणीतरी बघत असेल, एवढी शंका पुरली. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०१५ च्या मार्चमध्ये याच पाळतीवरून अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेवर दावा लावला. तो पुढे कोर्टात टिकला नाही. पण त्याच वर्षी जूनमध्ये विकिपीडियाची सगळी वाहतूक सांकेतिक करायला त्यांनी सुरुवात केली. तेव्हापासून मधल्या वाटेवर कोणी कान लावून बसला, तरी तुम्ही विकिपीडियावर आहात इतकंच त्याला कळतं. पान कोणतं, ते कळत नाही.

नमस्कार.