आंघोळीनंतरची झोप

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळचे साडेदहा वाजले आहेत. बाळाला तेलाने चोळून-माखून आंघोळ घातली, ओव्याची-बाळंतशेपाची धुरी दिली, दुपट्यात घट्ट गुंडाळलं, कुंची बांधली. आईने पोटभर पाजलं. मग डोक्याखाली मोहरीची उशी, दोन्ही अंगांना छोटे लोड, वरून पांघरूण, आणि बाळ गाढ निजलं. आता दोन तास तरी उठायचं नाही. बाळंतिणीच्या घरातली ही दिवसातली सगळ्यात निवांत वेळ. आज बोलायचं आहे ते याच झोपेबद्दल, कारण मायेपोटी आपण बाळाभोवती जे जे रचतो, ते बहुतेक सगळं या एका झोपेत एकत्र येतं.

आधी बाळाची अडचण समजून घेऊ. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या साधारण चौथा हिस्सा असतं. मानेत मात्र ते पेलायचं बळ नसतं. श्वासनलिका मऊ आणि अरुंद. हनुवटी छातीला टेकली की ती दबते. आपल्या नाकावर पांघरूण आलं तर झोपेतही आपला हात ते सारतो, दोन-तीन महिन्यांच्या बाळाला ते जमत नाही. नाकाशी कापड असलं की बाहेर सोडलेलीच हवा पुन्हा आत जाते, तिच्यात कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. अशा वेळी दचकून जागं व्हायला हवं, पण काही बाळांत ती जाग अजून कच्ची असते. आणि गुदमरणारं बाळ रडत नाही. त्यामुळे ‘काही झालं तर रडेल की’ हा भरवसा इथे उपयोगाचा नाही. झोपेतल्या अचानक मृत्यूंचा धोका पहिल्या ते चौथ्या महिन्यात सर्वांत जास्त असतो, आणि बहुतेक घटना सहा महिन्यांच्या आत घडतात. म्हणजे काळजीचा हा काळ तसा मोजका आहे.

बाळाला प्रत्येक झोपेला उताणं ठेवायचं, रात्रीच्या आणि दुपारच्याही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली ‘पालथं झोपवू नका’ असं सांगितलं आणि १९९४ पासून तिथे त्याची मोठी मोहीम झाली. पुढच्या दहा-बारा वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. यंत्र लागलं नाही की औषध, फक्त कूस बदलली.

यावर आजींची शंका ठरलेली असते: उताण्या बाळाने दूध ओकलं तर ते श्वासात जाणार नाही का? शंका रास्त वाटते, पण शरीराची रचना उलटं सांगते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर चढावं लागेल. ते चढत नाही, बाळ ते गिळतं किंवा गालावरून बाहेर काढतं. पालथं ठेवलं की हे उलटतं, श्वासनलिका खाली येते आणि दूध तिच्या तोंडाशी साचतं. पाजल्यावर दहा-पंधरा मिनिटं खांद्यावर उभं धरावं, ढेकर काढावी, मग उताणं ठेवावं. कुशीवर ठेवून पाठीला लोड लावण्याची आपल्याकडे फार सवय आहे. पण कुशीवरचं बाळ अर्धवट तोललेलं असतं. लोड जरा सरकला की ते पालथं होतं आणि तोच लोड त्याच्या नाकाशी येतो. पुढे चार-सहा महिन्यांचं झाल्यावर ते आपणहून दोन्ही बाजूंनी वळू लागलं, की रात्रभर जागून त्याला सरळ करत बसायची गरज नाही. ठेवताना उताणं ठेवलं म्हणजे झालं.

आता मोहरीची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून ती घेतात. हेतू चांगला, पण उशीने डोकं उचललं जातं, हनुवटी छातीकडे झुकते, आणि मघाशी सांगितलेली मऊ नळी दबते. शिवण उसवली तर मोहरीचे दाणे नाकातोंडापाशी येतात ते वेगळंच. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये यासाठी दोन सोपे उपाय आहेत. एक, आज ज्या दिशेला डोकं होतं, उद्या तिथे पाय करा. बाळ उजेडाकडे किंवा आईकडे बघायला मान आपोआप दुसरीकडे वळवतं. दुसरा, जागं असताना आणि कुणी समोर बसलेलं असताना त्याला पालथं घाला. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा तीन ते पाच मिनिटं, मग हळूहळू वाढवत न्या. मानेतही बळ येतं. वर्षभरापर्यंत बाळाला उशी लागत नाही.

गादी घट्ट आणि सपाट हवी. तळहाताने दाबून हात उचला. खड्डा तसाच राहिला तर ती गादी बाळाची नव्हे. जुन्या कापसाच्या गादीत मध्ये खळगा पडलेला असतो, बाळ घरंगळून त्यातच जातं. कापूस पिंजून घ्या, नाहीतर घट्ट गोधडीच्या चार घड्या घाला, त्या कितीतरी बऱ्या. मेणकापड किंवा रबरशीट चादरीखाली आणि कडा दाबून. गादीवर बाळाखेरीज काही नको. खुळखुळा, बाहुली, घडी करून ठेवलेली लंगोटी, काहीच नको.

दुपटं गुंडाळायचं तर खांद्याच्या वर जाऊ देऊ नका, छातीशी दोन बोटं सहज शिरतील इतकं सैल ठेवा. पाय सरळ ओढून बांधू नका, खुब्याचा सांधा बिघडू शकतो. बेडकासारखे दुमडलेले पाय आत हलले पाहिजेत. गुंडाळलेलं बाळ कधीच पालथं नको, आणि वळायची खटपट सुरू झाली की गुंडाळणं बंद. बाळ शरीरातली उष्णता डोक्यावाटे बरीच सोडतं. म्हणून घरात निजताना कुंची-टोपडं काढा. कमी वजनाच्या बाळाला टोपी घालायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ती गोष्ट निराळी. हातपाय गार लागले म्हणून पांघरुणं चढवू नका. लहान बाळाचे हातपाय गारच असतात. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून बघा. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा. आपण जितके कपडे घातलेत त्याहून फार तर एक जास्त. विदर्भातल्या मे महिन्यात तेवढंही नको.

धुरीबद्दल जरा कडक बोलतो. धुराने बाळाची श्वासनलिका सुजते, सर्दी-खोकला धरतो. पण त्याहून वाईट म्हणजे कोळशाची किंवा गोवऱ्यांची शेगडी. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद करून खाटेखाली शेक ठेवला, की खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसेनासा झाला तरी निखाऱ्यातून तो निघतच असतो. धुरी देऊच नका. बाळंतिणीला शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी घ्या. बाळाच्या खोलीत बिडी-सिगारेटही नको.

झोळी मात्र रागवून सुटणारा प्रश्न नाही. एका खोलीच्या घरात, शेतावर, ऊसतोडीच्या फडात बाळाला जमिनीवरून, विंचू-मुंग्यांपासून वर ठेवायला साडीची झोळीच असते. अडचण अशी की झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं, हनुवटी खाली जाते आणि दोन्हीकडचं कापड तोंडावर मिटतं. म्हणून कापड ताणून धरणारी आडवी काठी वर बांधा, बाळाचं तोंड नेहमी दिसत राहू द्या, आणि डोळा लागला की सपाट जागी काढून ठेवा. मोठ्या भावंडांना झोळीत बसू देऊ नका. पिळलेल्या साडीचा फास त्यांनाच बसतो. हलणाऱ्या बेबी स्विंगमध्येही डोळा लागला की बाळाला सपाट जागी काढून ठेवा. लाकडी पाळणा चांगला, फक्त दोन दांड्यांमध्ये ६ सेंटिमीटरहून जास्त फट नको आणि गादी कडांना लागून बसली पाहिजे. चिमणाळ्याच्या, म्हणजे पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याच्या, दोऱ्या बाळाच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंच. गळ्यातला काळा दोरा आणि ताईत काढा. दृष्टीचा दोरा पाळण्याला बाहेरून बांधला तरी चालतो.

रात्री बाळ आईच्या खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या अंथरुणावर असलेलं उत्तम. पाजता पाजता आईचा डोळा लागतोच. मग तो सोफ्यावर किंवा खुर्चीत लागण्यापेक्षा जमिनीवरच्या घट्ट गादीवर लागलेला बरा. सोफ्याच्या फटीत बाळ अडकतं, ती सगळ्यात धोक्याची जागा. शेजारी घेतलंच तर आईच्या बाहेरच्या अंगाला, भिंतीच्या फटीपासून दूर ठेवा. आईचं पांघरूण कमरेपर्यंतच, केस बांधलेले, मोठं भावंड बाळाला लागून नको. ज्याने दारू किंवा गुंगीचं औषध घेतलंय, जो धूम्रपान करतो, त्याच्या शेजारी बाळ नको. ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा अडीच किलोहून कमी वजनाचं बाळ तर वेगळ्याच अंथरुणावर हवं. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. वजन झालं की बाळ निजतं ती जागाही त्यांना दाखवा.

नवजात बाळ झोपेत पाच-दहा सेकंद श्वास थांबवून पुन्हा भरभर घेतं, ते नेहमीचं आहे. वीस सेकंदांहून जास्त थांबला, ओठ निळे पडले, अंग लुळं वाटलं, तर तळपायाला टिचक्या मारा आणि लगेच १०८ लावा. श्वास नसेलच तर बाळाला कडक जागी ठेवा. दोन्ही हातांचा वेढा छातीला घालून, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, मधोमध दोन्ही अंगठ्यांनी सुमारे ४ सेंटिमीटर दाबा. मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने ३० दाब, मग नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात झाकून गालातल्या हवेचे दोन हलके श्वास. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

जाता जाता, बारशाला निघालेल्या पाहुण्यांसाठी. दुकानात जाळीच्या पिशवीत गादी, उशी, दोन लोड आणि रजई असा देखणा संच मिळतो. त्याऐवजी सुती दुपटी, चादरी आणि तोंडाला न टेकणारी उभी मच्छरदाणी आणा. आणि संच आधीच घरात आला असेल, तर उशी-लोड बाळंतिणीला द्या. दूध पाजताना कोपराखाली घ्यायला ते अगदी बेताच्या मापाचे असतात.