योगेश गोल कधी मारणार?

(दृश्य : कोपरखैरणे, नवी मुंबई. 2025 ची दिवाळी. रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं. बैठ्या घरांची गल्ली, उंबऱ्यांवर विझत आलेल्या पणत्या. लांब कुठेतरी फटाक्यांची मोठी माळ.)

लक्ष्मीपूजन आटोपून पाच तास झाले. या घराच्या बाहेरच्या खोलीत पाटावर लक्ष्मीचा फोटो आहे, नवी केरसुणी आहे, लाह्या-बत्तासे आहेत. शेजारी एक लॅपटॉप आहे, झाकणावर हळद-कुंकवाची बोटं ओढलेला. सकाळपर्यंत तो जागचा हलवायचा नाही, असा आईचा हुकूम आहे. त्या हुकमामुळे आज एका माणसाची फार पंचाईत झाली आहे.

तो माणूस म्हणजे दादा. ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला, वय तिशीच्या आसपास, आणि शाळेपासून आर्सेनलचा, म्हणजे लंडनच्या त्या फुटबॉल क्लबचा चाहता. आर्सेनलचा माणूस ओळखायला सोपा असतो. 2004 नंतर या दिवाळीपर्यंत इंग्लंडची लीग जिंकलेली नाही, मागचे तीन मोसम ओळीनं दुसरा नंबर, त्यामुळे आनंदाची बातमी सांगतानाही त्याच्या चेहऱ्यावर उद्याची काळजी असते. दादाच्या त्या लॅपटॉपात एक एक्सेल शीट आहे. तिच्यात एकाच खेळाडूची नोंद : किती मिनिटं खेळला, किती फटके मारले, गोल किती.

खेळाडूचं नाव व्हिक्टर ग्योकेरेस. स्वीडनचा स्ट्रायकर. सुरुवातीचा ग उच्चारायचाच नाही, ते ‘योकेरेश’च्या जवळ जातं, असं कोणीतरी सांगितलं आणि या खोलीचं काम सोपं झालं. ऑगस्टपासून इथे त्याचं नाव योगेश आहे.

योगेश आला तो वाजतगाजत. पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबसाठी दोन मोसमांत 102 सामने आणि 97 गोल. आर्सेनलनं त्याच्यासाठी साडेपाच कोटी पौंड मोजले, वर अटींचे पैसे वेगळे. पाठीवर 14 नंबर दिला, क्लबचा जुना गोलवीर थिएरी आन्रीचा. लीड्सला 5-0 हरवलं तेव्हा त्याचे दोन. 13 सप्टेंबरला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एक. आणि मग आटलं. विहीर आटते तसं. मँचेस्टर सिटी, न्यूकॅसल, वेस्ट हॅम, काहीच नाही. मध्ये देशाकडून खेळायला गेला, तर स्वीडन स्वित्झर्लंडकडून आणि कोसोवोकडून घरच्या मैदानावर हरलं. दोन्ही वेळा स्वीडनचे गोल शून्य. प्रशिक्षकाचीच नोकरी गेली.

18 ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या रात्री दहाला, फुलहॅमशी सामना होता. आर्सेनल 1-0 जिंकलं, गोल ट्रोसार्डचा. आठ सामन्यांत 19 गुण, तक्त्यात पहिला नंबर, खाल्लेले गोल फक्त तीन. एवढं सगळं असताना या खोलीत जे भांडण झालं ते शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेण्याइतकं झालं. मी तिथे होतो. कॅमेरा नव्हता, म्हणून आज घेऊन आलोय.

भांडणाची सुरुवात दादाची. पाच आठवडे, एक गोल नाही. लीगमध्ये आठ सामने, तीन गोल, त्यातला एक पेनल्टीचा. ‘स्ट्रायकरचं काम काय? गोल मारणं. तो बॉल अडवतो, डिफेंडरला धक्के देतो, हे ठीक आहे. पण मी ऑफिसात नुसता घाम गाळला आणि टार्गेट नाही झालं, तर मला अप्रेझलमध्ये कोण विचारतं?’

या वाक्यावर खुर्चीतून आप्पांनी पहिल्यांदा वर बघितलं.

(दृश्य : आप्पांचे हात. उजव्या तळव्यावरचे घट्टे. मागे वाशीच्या बाजाराची पहाटेची दृश्यं, ट्रक, गोण्यांच्या थप्प्या.)

आप्पा माथाडी. सातारा जिल्ह्यातून आलेले. मुंबईतला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार वाशीला हलला, त्याच्या मागोमाग गाव सोडलेली अशी हजारो माणसंही खाडी ओलांडून इकडे आली. कोपरखैरण्यातल्या कितीतरी घरांचा पाया असा गोण्यांवर उभा आहे. आप्पांना फुटबॉलचे नियम अजून पुरते कळत नाहीत. ऑफसाइडची तर त्यांनी आशाच सोडली आहे. पण त्या रात्री ते जे बोलले, ते मी आज कॅमेऱ्यासमोर पुन्हा बोलून घेतलं.

‘आमच्यात वारणार वेगळा आणि मापाडी वेगळा. वारणार गोणी उतरवतो, थप्पी लावतो. मापाडी माप घेतो, लिहितो. संध्याकाळी कागदावर राहतो तो मापाड्याचा आकडा. कुणाच्या पाठीत उसण भरली ते कागदावर येत नाही.’ मग दादाकडे हनुवटी करून : ‘हा आमचा मापाडी.’

दादाला हे लागलं. पण आप्पा पुढे जे म्हणाले ते त्यानं ऐकलंच नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. ते म्हणाले, ‘मापाडी वाईट नसतो हां. मापच नसेल तर वारणाऱ्याची मजुरी बुडते. आकडा पाहिजेच. फक्त गोणी कोणी आणून दिली, कुठल्या ट्रकातून, ते बघून लिहावा.’

आणि खालच्या आवाजात : ‘नवीन गाळ्यावर गेलं की माणसाचा हात बसायला वेळ लागतो. मुकादम त्याला बसवून ठेवतोय का? नाही ना? मग तुम्ही कशाला ओरडताय?’

मुकादम म्हणजे आर्सेनलचा प्रशिक्षक मिकेल आर्तेता. आणि खरंच, तो योगेशला बसवत नव्हता.

आता थोडं विषयांतर. 18 ऑक्टोबर ही तारीख आमच्या नेरुळच्या मैदानाचीही आहे. 2014 साली त्याच दिवशी डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मुंबई सिटीनं पुणे सिटीला 5-0 हरवलं. दादा आणि मी लोकलनं गेलो होतो, मुंबईकडून खेळायला आलेल्या फ्रान्सच्या निकोलस अनेल्काला बघायला. पण त्याच्यावर जुनी बंदी होती, तो खेळलाच नाही. खेळला आंद्रे मोरित्झ, ज्याचं नाव आम्हाला त्या दिवसापर्यंत धड माहीत नव्हतं. त्यानं आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, इतिहासातली पहिली हॅटट्रिक मारली. अनेल्का नंतर उतरला, पण त्या मोसमात त्याचे गोल दोनच. परदेशी स्ट्रायकरकडून आपण काय धरून बसतो आणि हातात काय पडतं, याचा पहिला धडा आम्ही नेरुळला शिकलो, वीस रुपयांच्या समोशासकट.

हाच अनेल्का 1999 मध्ये आर्सेनल सोडून रेआल माद्रिदला गेला होता, आणि त्याची जागा भरायला युव्हेंटसमधून आणला तो आन्री. आन्रीलाही पहिले आठ सामने गोल नव्हता. सप्टेंबरात साउदॅम्प्टनविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि खातं उघडलं. मोसमाच्या शेवटी 26 गोल, आणि क्लबसाठी एकूण 228. दादाला हे तोंडपाठ आहे. पण आन्रीचं उदाहरण दिलं की तो चिडतो. ‘प्रत्येक अडकलेला स्ट्रायकर आन्री नसतो. टोरेसपण असतो.’

टोरेसचं नाव निघालं की खोलीच्या दाराशी बसलेला घणसोलीचा मित्र हसतो. तो आगरी, घरात सगळे क्रिकेटवाले, हा एकटाच चेल्सीचा, म्हणजे लंडनच्याच दुसऱ्या क्लबचा. चेल्सीनं फर्नांडो टोरेसला जानेवारी 2011 च्या शेवटच्या दिवशी पाच कोटी पौंडांना घेतलं आणि पहिल्या गोलसाठी एप्रिल उजाडावा लागला. लीगमध्ये त्यांच्याकडून 110 सामने खेळला, गोल 20. ‘तुमचा योगेश कवा गोल मारनार?’ हा प्रश्न गेले पाच आठवडे तोच विचारतोय, रोज, व्हॉट्सअ‍ॅपवर, सकाळच्या शुभेच्छांसारखा.

(दृश्य : साडेबारा. टीव्हीवर आर्सेनलचं एमिरेट्स स्टेडियम. चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या क्लबांची स्पर्धा. आर्सेनल विरुद्ध आत्लेतिको माद्रिद.)

लंडनमध्ये संध्याकाळचे आठ, इथे मध्यरात्रीचे साडेबारा. या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातील, मग असे सामने दीडला सुरू होतील आणि दादा ऑफिसात आणखी पेंगेल. लीग एका अ‍ॅपवर, चॅम्पियन्स लीग दुसऱ्यावर, दोन्हीचे पैसे वेगळे. आई विचारते, ‘दोन्हीकडे तोच पळतो ना?’ उत्तर कोणाकडेच नाही.

पूर्वार्ध कोराच गेला. योगेश धडपडला, पडला, उठला. दादानं दोनदा पाटावरच्या लॅपटॉपकडे बघितलं.

मध्यंतराला ताईनं फराळाचं ताट पुढे ओढलं. ताई दादाची धाकटी बहीण. कॉलेजच्या संघात स्ट्रायकरचा नऊ नंबर घालून खेळलेली. या खोलीत समोरचा गोलकीपर अंगावर येताना प्रत्यक्ष पाहिलेली ती एकटीच, आणि आतापर्यंत सगळ्यात कमी बोललेलीही तीच.

(दृश्य : ताटाचा क्लोज-अप.)

तिनं शंकरपाळ्यांची एक रांग लावली, मध्ये दोन चकल्या उभ्या केल्या. त्यांच्या अलीकडे बेसनाचा एक लाडू.

‘लाडू म्हणजे योगेश. पोर्तुगालमध्ये समोरच्या संघाला तो कसा खायचा बघ.’ तिनं शंकरपाळ्या ताटाच्या मध्यापर्यंत पुढे सरकवल्या. ‘ते वर आले की मागे एवढी जागा. हा इथून डावीकडं पळणार, डिफेंडरला खांद्यावर घेणार आणि आत येऊन मारणार. त्याचा सगळा खेळ पळण्याचा.’ मग तिनं सगळ्या शंकरपाळ्या गोळा करून ताटाच्या कडेला दाबून बसवल्या. ‘आणि आर्सेनलसमोर हे असे बसतात. आता लाडू पळणार कुठं, ताटाबाहेर?’

‘मग घेतला कशाला?’ दादा.

‘थांब ना.’ तिनं लाडू दोन चकल्यांच्या मधोमध ढकलला. चकल्या त्याला चिकटल्या, बाजूला एक फट पडली. त्या फटीत तिनं काजूचा तुकडा ठेवला. ‘हा मार्टिनेली. ऑलिंपियाकोसच्या वेळी काय झालं? योगेशनं मारला, कीपरच्या हाताला लागून खांबावर, मार्टिनेलीनं ढकलला. तुझ्या शीटमध्ये योगेशसमोर काय आहे?’

‘शून्य.’

‘न्यूकॅसलला कीपरनं पाडला, रेफरीनं पेनल्टी दिली, टीव्हीवर बघून काढून घेतली. तिथं?’

‘शून्य.’

ताई गप्प झाली. मग मी न विचारताच म्हणाली, ‘मला सात मॅच गोल नव्हता एकदा. गोल होत असतात ना, तेव्हा पाय आपला आपण मारतो. आटले की पाय विचारून मारतो. तेवढ्यात डिफेंडर येतो.’

दादा काही बोलला नाही. घणसोलीच्या मित्रानं तेवढ्यात एक चकली उचलून खाल्ली आणि आर्सेनलला मोकळी वाट करून दिली.

मी तटस्थ नाही, हे इथेच सांगून टाकतो. मला ताईचं पटतं. पण फुलहॅमच्या रात्री योगेशच्या पायातून चेंडू निसटला तेव्हा सगळ्यात घाण शिवी मीच घातली होती.

(दृश्य : टीव्ही. उत्तरार्ध.)

सत्तावन्नाव्या मिनिटाला गॅब्रिएलचं हेडर. चौसष्टाव्याला मार्टिनेली. आप्पा जागे झाले. सदुसष्टाव्या मिनिटाला बॉक्समध्ये गोंधळ, चेंडू योगेशच्या पायाशी, बूट नीट लागलाच नाही. चेंडू बचावपटूला घासत, घरंगळत आत गेला. खोलीत एक क्षण कोणी ओरडलंच नाही. सगळे झेंडा वर जायची वाट बघत होते. झेंडा वर गेला नाही. मग जे झालं त्यात आमचा आवाज कुठला आणि गल्लीतल्या फटाक्यांचा कुठला, हे एडिटिंगला बसल्यावरही मला वेगळं काढता आलेलं नाही.

तीन मिनिटांनी कॉर्नर. गॅब्रिएलनं डोक्यानं चेंडू आडवा दिला आणि योगेशनं तो आत ढकलला. मांडीनं. पुन्हा एकदा सांगतो, मांडीनं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून त्यानं ती मुखवट्यासारखी तोंडासमोर धरली. दादानंही धरली. चेल्सीवाल्यानंही धरली, कारण त्या वेळी खोलीत दुसरं काही करणं शक्य नव्हतं.

चार-शून्य. आता वाद मिटेल असं मला वाटलं होतं. शिट्टी वाजायच्या आत नवा सुरू झाला.

‘हे काय गोल आहेत?’ म्हणणारी ताई होती. ‘एक घसरला, एक मांडीला लागला.’

‘कागदावर दोन आहेत,’ दादा म्हणाला. ‘कसे पडले ते कागद विचारत नाही.’

आप्पा इतके हसले की त्यांना खोकला आला.

मग दादाला नोंद करायची घाई झाली. लॅपटॉप पाटावर, आणि आई झोपली असली तरी तिचा हुकूम जागा. त्यानं दुधाचा हिशेब लिहायचा पेन घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला. तिथे अडकला. सामना तिकडच्या एकवीस तारखेचा, गोल पडले तेव्हा इथे बावीस लागलेली. एका चौकोनात लक्ष्मीपूजन छापलेलं, शेजारच्यात पाडवा.

‘तिकडं अजून एकवीसच आहे,’ ताई म्हणाली.

‘मी इकडं आहे,’ दादा म्हणाला, पण पेन टेकवला नाही.

आप्पा पांघरूण ओढता ओढता म्हणाले, ‘बाविसात लिही. दूध बाविसातच येणार आहे.’

दादानं पाडव्याच्या चौकोनात दोनचा आकडा काढला. ताईनं त्याच्या हातातून पेन घेतला आणि आकड्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं : मांडी.

(दृश्य : ताट. शंकरपाळ्या, एक चकली. लाडू नाही.)