बसून बसून झालंय ते!

(दृश्य : निपाणीतली गल्ली. उंबऱ्याशी, मांडीवर सूप घेतलेल्या बायका.)

तेंदूचं पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. हजार विड्या होईस्तोवर मांडी मोडायची नाही. म्हणून या मावशींचं माकडहाड दुखायला लागलं, तेव्हा गल्लीनंच निदान करून टाकलं : बसून बसून झालंय ते.

मग तिथं गळू आलं. चिरलं. वर्षानं पुन्हा आलं, पुन्हा चिरलं. कुणी मूळव्याध म्हणालं, कुणी भगंदर. एका डॉक्टरनं शौचाच्या जागेतून बोट घालून तपासतो म्हटल्यावर मावशी उठून घरी आल्या. बहुतेक वेळा अशी गाठ नेमकी त्याच तपासणीत हाताला लागते. लाजेपायी दोन वर्षं गेली.

कोल्हापूर की बेळगाव? निपाणीत आजारपण आलं की हा प्रश्न येतोच. रेशनकार्ड कर्नाटकाचं, म्हणून बेळगाव. तिथं एमआरआयमध्ये दिसलं : गुदाशयाच्या मागं, माकडहाडाच्या पुढ्यात, लिंबाएवढी पिशवी. टेलगट सिस्ट, म्हणजे शेपटीतल्या आतड्याची पिशवी.

(दृश्य : गर्भाचं रेखाचित्र)

पाचव्या आठवड्यात, आईच्या पोटात, आपल्या प्रत्येकाला शेपूट असते. हो, तुम्हालाही होती. आतड्याचं टोक तिच्यात शिरलेलं असतं. आठव्या आठवड्यापर्यंत दोन्ही विरतात. क्वचित आतड्याचा कण मागं उरतो, त्याची पिशवी होते, आत बुळबुळीत द्रव साठत जातो. बायकांत जास्त, आणि कळतं बहुधा मध्यम वयात.

औषधानं ही जात नाही. काहींत पुढं कर्करोग होतो, म्हणून अख्खीच काढायची. भिंतीचा तुकडा राहिला तरी पुन्हा भरते. गाठ वर असेल तर पोटाकडून जातात, खाली असेल तर पालथं झोपवून मागून. मावशींची खाली होती. वाट मिळावी म्हणून माकडहाडही काढावं लागलं. खरी कसरत पुढं : पिशवी फोडायची नाही, गुदाशयाला भोक पडू द्यायचं नाही, आणि लघवी-शौचाचा ताबा ज्यांच्यावर, त्या नसांना धक्का लावायचा नाही.

"हाडच काढलं तर बसू कशी?" मावशींनी आधीच विचारलं होतं.

"बसता येतंय की," डॉक्टर म्हणाले.

तपासणीत कर्करोग निघाला नाही.

(दृश्य : तोच उंबरा. चौपदरी वाकळ, वर मावशी.)

"शेपूट ऱ्हायली हुती म्हणं, आईच्या पोटातली," मावशी सांगतात. हात चालूच.

शेजारीण ऐकून घेते, दोरा दातानं तोडते.

"आसंल. पर बसूनच वाढली आसणार."