लीलामावशीचा जिल्हा

(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी. बटाटेवडे संपल्यावर आणि अंताक्षरी सुरू होण्याआधी दहा मिनिटं बोल, असं कार्यकारिणीने सांगितलंय. तेव्हा उजवा हात वर करा, तळवा स्वतःकडे. शपथ घ्यायची नाहीये. हा आपला मिशिगन. यातली करंगळी म्हणजे लीलनॉ काउंटी, जिथे आपण जुलैत चेरी तोडायला जातो.

आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा तिला तिथे नेलं होतं. रस्त्यावरचा फलक तिने अक्षर जुळवत वाचला आणि म्हणाली, "लीला? हा आपल्या लीलामावशीचा जिल्हा की काय?" मावशी कुडाळला. हसलो, पण नाव डोक्यात राहिलं. घरी आल्यावर शोधायला लागलो आणि त्यातच अडकलो.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. मार्च १८३६ मध्ये वॉशिंग्टनला करार झाला आणि ओडावा व ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांकडून सुमारे १ कोटी ४० लाख एकर जमीन सरकारकडे गेली. आजच्या मिशिगनचा एक तृतीयांशाहून जास्त भाग. सरकारतर्फे बोलणी करणारा माणूस होता हेन्री स्कूलक्राफ्ट. पुढच्याच वर्षी मिशिगन राज्य झालं आणि १८४० मध्ये विधिमंडळाने उत्तरेकडच्या जंगलावर रेघा मारून काउंट्या पाडल्या. लीलनॉ त्यातलीच.

पण ही काउंटी फक्त कागदावर. आमचा सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला तेव्हा जिल्हाधिकारी, कचेरी, शिक्के सगळं मागोमाग आलं. इथे आधी हद्द आणि नाव, बाकी वस्ती वाढेल तेव्हा. तोवर न्यायालय, नोंदणी यांसाठी दुसऱ्या काउंटीच्या गळ्यात. लीलनॉचा स्वतःचा कारभार सुरू झाला १८६३ मध्ये, म्हणजे बारशानंतर तेवीस वर्षांनी. कचेरी आधी नॉर्थपोर्टला, १८८३ मध्ये लीलंडला, आणि अलीकडे २००८ मध्ये सटन्स बे भागात. मुख्यालय कुठे असावं यावरून माणसं किती भांडू शकतात हे सिंधुदुर्गाचं मुख्यालय ओरोस माहीत असलेल्यांना सांगायला नको.

आता नावाकडे येतो. नाव सुचवलं स्कूलक्राफ्टने. 'जीवनाचा आनंद' असा त्याचा अर्थ सांगतात. नाव मूळ रहिवाशांचं आहे असं तुम्हाला दुकानातले चेरीच्या जॅमवालेही सांगतील. गंमत अशी की ओजिब्वे भाषेत 'ल' हा उच्चारच नाही. आणि या नावात 'ल' दोनदा! या गृहस्थाला नावं जुळवायचा नादच होता. इथला एक तुकडा, अरबीतला एक, लॅटिनमधला एक, असं शिवून त्याने अल्पेना, अल्कोना अशी नावं तयार केली. दिसायला अस्सल आणि आतून गोधडी.

शेजाऱ्यांचं काय झालं ते मात्र मला जास्त टोचतं. १८४० च्या यादीत बऱ्याच काउंट्यांना खरोखरीची नावं होती, त्यातली कितीतरी मूळ रहिवाशांच्या प्रमुखांची. मीगिसी, मिकेनॉक, नेगवेगॉन, शावोनो. तीनच वर्षांत, १८४३ मध्ये, विधिमंडळाने सोळा नावं बदलली. मीगिसी म्हणजे गरुड, त्याचं झालं अँट्रिम. मिकेनॉक म्हणजे कासव, त्याचं रॉसकॉमन. क्लेअर, वेक्सफर्ड, एमेट हेही त्याच वेळचे. पाचही नावं थेट आयर्लंडची. नेगवेगॉनच्या जागी तर स्कूलक्राफ्टचं ते जुळवलेलं अल्कोनाच आलं. खऱ्या माणसांची नावं पुसली गेली आणि लीलनॉ हे जुळवलेलं नाव तसंच राहिलं. नेगवेगॉनच्या नावाने आता एक राज्य उद्यान आहे, तेवढंच.

इथपर्यंत मी स्कूलक्राफ्टवर चिडून होतो. मग त्याच्या बायकोबद्दल वाचलं.

जेन जॉन्स्टन. जन्म १८००. वडील आयरिश, फरचे व्यापारी. आई ओजिब्वे प्रमुखाची मुलगी. तिचं ओजिब्वे नाव बामेवावागेझिकाक्वे. आकाशातून धावणाऱ्या ताऱ्यांच्या नादाची बाई, असा त्याचा अर्थ. ती इंग्रजीत लिहायची, ओजिब्वेतही कविता करायची. १८२६-२७ च्या हिवाळ्यात सू सेंट मरीला, बर्फाने गाव बंद पडलेलं असताना, नवऱ्याने एक हस्तलिखित काढलं. होय, अगदी आपण शाळा-कॉलेजात काढायचो तसं हस्तलिखित. त्यात जेन दोन टोपणनावांनी लिहायची. एक होतं रोझा. दुसरं लीलिनॉ.

म्हणजे चौदा वर्षांनी करंगळीवर जे नाव बसलं ते एका कवयित्रीचं टोपणनाव होतं. नवऱ्याने ते बायकोच्या आठवणीने दिलं की नुसतं कानाला गोड म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत रोज बदलतं. ज्याने कराराची बोलणी केली त्याच्याच हातून त्या जमिनीवर ओजिब्वे आईच्या लेकीचं नाव गेलं, एवढं मात्र खरं. जेन १८४२ मध्ये वारली, तेव्हा तो युरोपात होता.

आणि ज्यांची ती जमीन, ते लोक अजून तिथेच आहेत. पेशॉबीटाउनला ग्रँड ट्रॅव्हर्स बँड या ओडावा-ओजिब्वे समूहाची वस्ती आहे. केंद्र सरकारची मान्यता त्यांना १९८० मध्ये मिळाली. चेरीला जाताना रस्त्यातच लागतं. मी पाच-सहा वेळा न थांबता पुढे गेलोय. यंदा गाडी थोडी हळू घेणार आहे.

हां, राहिलंच. आईने त्या फलकापुढे उभं राहून फोटो काढून घेतला आणि कुडाळला पाठवला. मावशीचं उत्तर लगेच आलं, "माझ्या जिल्ह्यातले रस्ते बरे दिसतायत. आमदार कोण?"