विलीचा उजवा डोळा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बर्फावरच्या हॉकीतला एक माणूस तुमच्या भेटीला आणलाय. विली ओरी, कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावचा. १८ जानेवारी १९५८ रोजी तो बॉस्टन ब्रुइन्सकडून मॉन्ट्रियलविरुद्ध खेळला आणि नॅशनल हॉकी लीगमधला, म्हणजे एनएचएलमधला, पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. त्याचं नाव निघतं ते एवढ्यापुरतंच. पण एनएचएलमध्ये तो खेळला सगळे मिळून ४५ सामने, गोल केले ४. बाकीची सारी कारकीर्द खालच्या लीगमध्ये गेली, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दल.

तेव्हा एनएचएलमध्ये संघच मुळी ६. ब्रुइन्सनी १९६१ मध्ये त्याला मॉन्ट्रियलच्या हवाली केलं आणि मॉन्ट्रियलनं लॉस एंजेलिस ब्लेड्स या खालच्या लीगमधल्या संघाला विकून टाकलं. हो, विकलंच, तिथे हाच शब्द चालतो.

आता एक गोष्ट, जी बॉस्टनमध्ये कुणालाच ठाऊक नव्हती. १९५५-५६ च्या हंगामात एक पक, म्हणजे कडक रबराची चकती, त्याच्या तोंडावर आदळली होती. उजवा डोळा जवळजवळ गेला. डॉक्टर म्हणाले, आता हॉकी विसर. हा थोड्याच आठवड्यांत पुन्हा बर्फावर! आपल्या टायगर पतौडींचाही उजवाच डोळा गेला होता, पण ते साऱ्या जगाला माहीत होतं. विली गप्प राहिला, कारण एका डोळ्याच्या खेळाडूला एनएचएलचे नियम दारातही उभं करत नव्हते.

आणि खेळायचा कुठे? डाव्या विंगला! म्हणजे बघा, तुम्ही डाव्या कडेनं सुसाट निघालाय. पास येणार उजवीकडून, धडका देणारे धिप्पाड गडी उजवीकडून, आणि उजवीकडे अंधार. दर वेळी अख्खी मान वळवायची. त्यात वर्णावरून ऐकाव्या लागणाऱ्या शिव्या वेगळ्याच.

लॉस एंजेलिसला प्रशिक्षकानं त्याला उजव्या विंगला हलवलं. डोळ्यामुळे नव्हे हं, डाव्या विंगचे खेळाडू जास्त झाले होते म्हणून! आता सगळा खेळ डाव्या, चांगल्या डोळ्यासमोर. १९६४-६५ मध्ये ३८ गोल. पुढे सॅन डिएगो गल्सकडून १९६८-६९ मध्ये पुन्हा ३८. हे बॉस्टनमध्ये कुणाला सुचलं असतं तर? पण सुचणार कसं, यानं सांगितलंच नव्हतं ना! १९६७ मध्ये एनएचएलचे संघ ६ चे १२ झाले, खुद्द लॉस एंजेलिसलाही एक मिळाला. तिशी उलटलेल्या विलीला मात्र वरून बोलावणं आलं नाही.

तो खेळत राहिला. शेवटचा हंगाम १९७८-७९, वय ४३.

बॉस्टननं त्याचा २२ नंबरचा जर्सी छताला टांगला २०२२ मध्ये, म्हणजे तो नंबर आता दुसऱ्या कुणाला मिळणार नाही, असा मान. कोरोनामुळे त्याला जाता आलं नाही, सोहळा त्यानं सॅन डिएगोतून पाहिला. सॅन डिएगोनं त्याचा २० नंबर टांगला होता २०१५ मध्येच, तो समोर उभा असताना.